तीन पावलांचा हिशेब

दापोली तालुक्याच्या भूमीने पायी चालणारी माणसे पुष्कळ निर्माण केली, याची साक्ष गेल्या दीडशे वर्षांच्या चरित्रवाङ्मयात ठिकठिकाणी सापडते. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेस बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय फार कोवळे दिसते या सबबीवर तेथून विन्मुख परतले. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकत असता घरची वाट पायांनीच तुडवीत. परंतु चालणे निराळे, शंभर मीटरचे अंतर बारा-तेरा सेकंदांत कापणे निराळे, आणि वाटेत दहा अडथळे उभे असताना वेग न मोडता ते कापणे हे तर या दोहोंहूनही निराळे. पहिल्यास चिकाटी पुरते, दुसऱ्यास निसर्गाने दिलेले स्नायू लागतात. तिसऱ्यास मात्र मोजपट्टी, सपाट जमीन आणि शिकविणारा माणूस यांवाचून गत्यंतर नाही, आणि या प्रकरणात विचार करावयाचा तो मुख्यतः या तिसऱ्याचा.

मराठी मुलखाने दूर पल्ल्याचे धावक देशास दिले, हे खरे आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेलेल्या मोजक्या भारतीयांत बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते व मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले; आपल्या काळी साताऱ्याच्या माणदेशातील ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, आणि बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. अल्प पल्ल्याच्या धावकांची अशी मालिका मात्र सांगता येत नाही. मुंबईच्या लेव्ही पिंटो यांनी १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, हे उदाहरण लखलखीत खरे. पण ते शहरातले, जेथे मैदान होते, क्लब होता आणि घड्याळ धरणारा जाणता माणूसही होता. माणदेशच्या माळरानावर दहा किलोमीटर धावावयास कोणाची मंजुरी लागत नाही. कोकणात, जेथे डोंगराच्या उतारावर घर, त्याखाली कुणगा आणि त्याखाली वहाळ असा जमिनीचा शिरस्ता, तेथे शंभर मीटर सरळ आणि समतल जागा मिळणे हीच पहिली शर्यत आहे.

दापोली या बाबतीत शेजारच्या गावांहून भाग्यवान म्हटली पाहिजे. इंग्रजी अमदानीच्या आरंभी येथे लष्करी छावणी पडली, म्हणून वृद्ध माणसे अद्यापि या गावास ‘कॅम्प’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फुटांवरच्या या सड्यावर कवायतीस योग्य अशी मोकळी जागा होती, आणि छावणी उठल्यावर ती जागा शाळांना आयती सापडली. मिशनने काढलेल्या शाळेचे ‘आल्फ्रेड गॅडने हायस्कूल’ हे नाव आजही टिकून आहे, आणि १९७२ साली स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाने गावास आणखी विस्तार दिला. जमीन मात्र सर्वत्र तीच, जांभ्याची. वर बोटभर तांबडी माती आणि खाली कातळ. उन्हाळ्यात ती भाजलेल्या विटेसारखी कठीण होते, आणि पावसाळ्यात तिच्यावर शेवाळाचा असा बुळबुळीत थर चढतो की सरळ चालणाऱ्याचाही पाय ठरत नाही.

आता गंमत अशी की शालेय क्रीडांचा हंगाम नेमका याच पावसाळ्याशी जोडलेला आहे. शाळा जूनमध्ये उघडते. प्रवेशिका, वयाचे दाखले, छायाचित्रे, मुख्याध्यापकांचा शिक्का असा कागदांचा बंदोबस्त जुलै-ऑगस्टात चालतो. तालुक्याची फेरी बहुधा पावसाळा ओसरता ओसरता होते, तीतून निवडलेली मुले जिल्ह्यास जातात, जिल्ह्यातली विभागास, विभागातली राज्यास आणि तेथून मूठभर राष्ट्रीय शालेय स्पर्धेस. रत्नागिरी जिल्हा क्रीडा खात्याच्या कोल्हापूर विभागात मोडतो, म्हणजे दापोलीच्या पोराची गाठ कोल्हापूर, सांगली आणि सातारा येथल्या पोरांशी पडते. आणि त्या घाटावरल्या मुलखात पाऊस तुलनेने कमी, तालमीची परंपरा जुनी आणि मैदाने सपाट. दापोलीस वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे घाटावरचा मुलगा ज्या काळात मैदानावर धाव घेत असतो त्याच काळात कोकणातला मुलगा शाळेच्या पडवीत गुडघे उंचावण्याचा सराव करीत असतो, किंवा लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभा असतो. त्यानंतर गौरी-गणपती येतात, मुंबईचे चाकरमानी येतात, शाळा ओस पडते. आणि सण संपतो न संपतो तोच तालुक्याची तारीख येऊन ठेपते.

तालुक्याच्या स्पर्धेचा दिवस ज्याने जवळून पाहिला असेल त्यास तिचे वैभव आणि दैन्य दोन्ही ठाऊक असतात. आदल्या सायंकाळी सुतळी ताणून फक्कीने पट्टे आखले जातात. नियम पट्ट्याची रुंदी १.२२ मीटर सांगतो, आणि सर ती पावलाने नव्हे तर टेपनेच मोजतात, कारण एका शाळेच्या सरांनी आखलेल्या पट्ट्यावर दुसऱ्या शाळेचे सर हरकत घेतात हा जुना अनुभव. रात्री पावसाची सर आली की अर्धी फक्की वाहून जाते आणि सकाळी पुन्हा घमेले उचलावे लागते. बंदूक नसते, लाकडी क्लॅपर असतो. आता हा क्लॅपर वाजविणारा आरंभरेषेवर आणि घड्याळ धरणारा शंभर मीटर पलीकडे. आवाजास तेवढे अंतर तोडावयास जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात, म्हणून फळ्या मिटताना डोळ्यांनी पाहून घड्याळ दाबावयाचे, आवाजाची वाट पाहावयाची नाही, हे प्रत्येक वेळनोंद्यास बजावून सांगावे लागते. जो आवाजावर घड्याळ दाबतो तो धावकाच्या पदरात फुकटचे तीन दशांश सेकंद टाकतो, आणि मग तालुक्यात विक्रमवीर ठरलेला मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी एकाएकी मंद कसा झाला याचा उलगडा कोणालाच होत नाही. अंतिम रेषेवर शिड्यांवर बसलेले पंच, हातात चेस्ट नंबरांची यादी, आणि बाजूस ‘पळ, पळ’ म्हणून ओरडणारा वर्गमित्रांचा घोळका. शेवटच्या दहा मीटरांत हा घोळका पट्ट्यावर येऊ नये म्हणून दोरी धरून उभे राहण्याची कामगिरी बहुधा भूगोलाच्या गुरुजींकडे असते.

पुष्कळ मुले अनवाणी धावतात. शहरी पाहुण्यास याची कीव येते, पण जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांतही अनवाणी, किंवा एकाच पायात बूट घालून, धावण्यास मुभा आहे; आणि ओल्या जांभ्यावर साध्या कॅनव्हासच्या बुटांपेक्षा उघडी टाच व रोवलेला अंगठा अधिक भरवशाचा, असे मुलांचे मत आहे आणि ते निराधार नाही. आरंभीच्या बैठकीचा इतिहासही येथे मजेदार रीतीने जिवंत दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वाकून सुटण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा धावक कुदळीसारख्या लहान हत्याराने जमिनीत खळगे खणून त्यांत पाय रोवीत. लाकडी-लोखंडी ठोकळे पुढे आले आणि १९३० नंतर नियमात बसले. कातळावर खळगा खणता येत नाही, ठोकळा ठोकावा तर खिळा शिरत नाही. मग शाळासोबती मागे बसून दोन्ही हातांनी धावकाचे पाय दाबून धरतो, आणि क्लॅपर वाजताच स्वतः मागे कलंडतो.

शंभर मीटरची धाव म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत वाढत जाणारा वेग, असा प्रेक्षकांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी नाही. शाळकरी धावकाचा वेग साधारणपणे तीस-चाळीस मीटरपर्यंत वाढतो, थोडा वेळ टिकतो आणि मग उतरणीस लागतो. शेवटच्या टप्प्यात जो पुढे सरकताना दिसतो तो खरे पाहता इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. २००९ साली बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा जागतिक विक्रम करणाऱ्या युसेन बोल्टचाही कमाल वेग साठ ते ऐंशी मीटरांच्या दरम्यान होता, शेवटास नव्हता. स्नायूंत तयार साठविलेली शक्ती काही सेकंदांतच ओसरते आणि श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा या शर्यतीत फारसा उपयोग होत नाही; म्हणून दम वाढविण्यासाठी मुलांस रोज घाटरस्त्यावर पळवीत नेणाऱ्या शिक्षकाचा हेतू जरी स्तुत्य असला, तरी त्याने अल्प पल्ल्याचा धावक तयार होत नाही. लहान, पूर्ण वेगाच्या धावा आणि त्यांच्यामध्ये पुरेशी विश्रांती, हा त्यावरचा मार्ग. आणि विश्रांती हे काम आहे ही गोष्ट मुलांपेक्षा पालकांस पटविणे अधिक कठीण जाते.

वेगवान मूल कोणत्याही वाडीत जन्मास येऊ शकते, आणि ते ओळखावयास तज्ज्ञ लागत नाही, हे आता लक्षात घेतले पाहिजे. गोवऱ्या वेचणाऱ्या पोरांत पुढे कोण पळते हे गुरे राखणाऱ्यासही कळते. अडथळ्यांच्या शर्यतीचा धावक, म्हणजे हर्डलपटू, असा सापडत नाही. तो दिसत नाही, कारण हर्डल समोर ठेवल्याखेरीज तो अस्तित्वातच येत नाही. म्हणून एखाद्या जिल्ह्यात शंभर मीटरला साठ प्रवेशिका आणि हर्डल्सला चार अशी स्थिती असेल, तर त्यावरून मुलांच्या पायांचा नव्हे, शाळांच्या सामानसुमानाचा अंदाज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हर्डल्सच्या शर्यतीचे माप प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत आरंभापासून पहिल्या अडथळ्यापर्यंत १३.७२ मीटर, दोन अडथळ्यांत ९.१४ मीटर, आणि अडथळ्याची उंची १.०६७ मीटर. हे अपूर्णांक कोणा विक्षिप्त गणितज्ञाने ठरविलेले नसून इंग्लंडातल्या विद्यार्थ्यांच्या यार्डांचे ते मेट्रिक अवतार आहेत: पहिल्या अडथळ्यास पंधरा यार्ड, मग दहा-दहा यार्ड, शेवटास पंधरा यार्ड, एकूण एकशेवीस यार्ड, आणि उंची साडेतीन फूट. त्या काळी मेंढ्यांच्या आवारास लावावयाचे जड लाकडी कठडेच शर्यतीसाठी मांडीत. तो कठडा हलत नसे, धावकाची नडगी मात्र फुटत असे, म्हणून तो अंग आवरून उंच उडी घेई. १९३५ च्या सुमारास एल आकाराचा, धक्का लागताच पुढे पडणारा अडथळा आला आणि धावक निर्भय झाला. आजच्या नियमानुसार वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ ते ४ किलोग्रॅम भार आडवा लावला म्हणजे अडथळा उलथला पाहिजे, आणि त्याचे पाय धावकाच्या बाजूस असले पाहिजेत. हे शेवटचे कलम शाळांनी फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे. कारण घाईत कोणी अडथळा उलटा मांडला, तर तो पडत नाही, मुलगा पडतो.

अडथळा पाडणे हा आज गुन्हा नाही, हाताने किंवा अंगाने पाडणे हा आहे; पूर्वी मात्र तसे नव्हते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडचा बॉब टिसडॉल ४०० मीटर हर्डल्स जिंकला, जगात त्या वेळेपावेतो कोणी धावले नव्हते इतक्या त्वरेने जिंकला, पण शेवटचा अडथळा पायाने पडल्यामुळे त्याची वेळ विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. विक्रम लागला तो मागून दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावे. जिंकणारा एक आणि विक्रमवीर दुसरा, असा हा निकाल!

शाळकरी मुलांसाठी मापे उतरती असतात. चौदा वर्षांखालील गटास ८० मीटरची शर्यत, सतरा वर्षांखालील मुलींस १०० मीटर व ७६.२ सेंटिमीटर उंची, त्याच वयाच्या मुलांस ११० मीटर व ९१.४ सेंटिमीटर, आणि एकोणीस वर्षांखालील मुलांस ९९.१ सेंटिमीटर. अंतरे मात्र मुलींस ८.५ आणि मुलांस ९.१४ मीटर, आणि सगळा प्रश्न येथेच आहे. मुलगा अडथळ्याच्या सुमारे दोन मीटर अलीकडून पाय उचलतो आणि पलीकडे मीटर-सव्वामीटरवर टेकतो, म्हणजे ९.१४ मीटरांतून उरलेले जवळपास सहा मीटर त्याने तीन पावलांत संपविले पाहिजेत. तीनच का? कारण तीन पावलांनी तोच पाय पुन्हा पुढे येतो. चार झाली तर दुसरा पाय पुढे करावा लागतो, आणि तो पाय बहुतेकांचा अडाणी असतो. पाच झाली तर पावले आखडतात व वेग मरतो. पहिल्या अडथळ्यापर्यंत आठ पावले, पुढे दर दोन अडथळ्यांत तीन: दहाही अडथळे हा हिशेब चुकता कामा नये. हर्डल्स ही उड्यांची शर्यत आहे ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे. ती मोजलेल्या पावलांची धाव आहे, आणि निष्णात हर्डलपटूस सपाट धावेपेक्षा या धावेस अवघे दोनेक सेकंद अधिक लागतात.

आता ओल्या जांभ्याचा परिणाम काय होतो ते पाहा. पाय सरकेल या भीतीने प्रत्येक पाऊल वीतभर आखडते. सपाट शर्यतीत त्याने वेळ थोडा वाढतो, इतकेच. हर्डल्समध्ये तीन पावलांची तूट साचून तिसरे पाऊल नेहमीच्या जागेच्या दीड हात मागेच पडते, मुलगा तेथून झेप घेतो, पट्टीवर आदळतो, आणि पुढच्या अडथळ्यास पाच पावले टाकतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, धीर सुटला. धीर नव्हे, मीटर सुटलेला असतो.

कोकणातल्या काही जाणत्या शिक्षकांनी यावर समुद्राचा उपाय योजिलेला आहे. मुरुड, कर्दे, लाडघर येथली ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट आणि समतल असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, पण पाण्याच्या कडेला लागून असलेल्या पट्ट्यात पावले पूर्ण लांबीची पडतात. शिवाय वाळूत प्रत्येक पाऊल उमटते, म्हणून सरांस काही न बोलता टेप लावून दाखविता येते की तिसरे पाऊल कोठे पडले. भरतीची वेळ कोळ्यांच्या जुन्या हिशेबाने काढतात: तिथीस पाऊणपट करावे, की भरतीचा तास निघतो. पौर्णिमेस आणि अमावास्येस तो सव्वाअकराच्या सुमारास येतो, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचला. आणि उधाणाच्या त्या दिवसांत पाणीही सर्वांत मागे हटते. म्हणून शाळेपूर्वीचा सराव पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे जमतो, अष्टमीस जमत नाही. पंचांगाचा असा उपयोग क्रीडाशास्त्राच्या ग्रंथांत आढळणार नाही. अर्थात खवळलेल्या पावसाळी दर्यावर मुलांस नेऊ नये. हा उपाय नारळी पौर्णिमेनंतरचा, आणि खरे म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा.

जिल्ह्याच्या पातळीस गेले की दृश्य पालटते. चिपळूण तालुक्यात डेरवण येथे कृत्रिम पृष्ठभागाची धावपट्टी झाल्यापासून रत्नागिरीच्या मुलांस असा ट्रॅक निदान डोळ्यांनी पाहावयास मिळू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. पण लाल मातीवर महिनोन्‌महिने आखडलेले पाऊल येथे एकाएकी उसळी घेते, आणि हर्डलपटूची गंमत अशी की आता तो अडथळ्याच्या फार जवळ येऊन पोचतो. ज्यास सराव पट्टीवर एक-दोन दिवस मिळाला तो सावरतो. जो पहाटेच्या एस.टी.ने निघून थेट हीटला उभा राहतो त्याची पहिलीच गाठ चुकते. चार गुणिले शंभरच्या रिलेत दापोलीकर मुले पुष्कळदा बरी कामगिरी करतात, कारण बॅटन बदलण्याचा सराव कोणत्याही अंगणात करता येतो.

चौदाव्या वर्षी जिंकणारे मूल एकोणिसाव्या वर्षी जिंकतेच असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. या वयात एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शरीरात दोन-दोन वर्षांचे अंतर असते. ज्याच्या ओठावर लव लवकर फुटली तो लहान गटात सहज पुढे येतो, आणि बाकीचे वाढले की मागे पडून खेळच सोडतो. हर्डल्स शिकलेल्या मुलाचे असे होत नाही, निदान कमी होते, कारण त्याची भिस्त स्नायूंखेरीज शिकलेल्या लयीवर असते. भारतीय ॲथलेटिक्सने जगाच्या अंतिम फेऱ्यांत जे मोजके क्षण पाहिले त्यांत हर्डल्सचा वाटा ठळक आहे, हा केवळ योगायोग मला वाटत नाही. १९६४ साली टोकियोत गुरबचनसिंग रंधावा ११० मीटर हर्डल्समध्ये पाचवे आले. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्स ५५.४२ सेकंदांत धावली आणि एक शतांश सेकंदाने तिचे कांस्यपदक हुकले. पुरुषांच्या ११० मीटर हर्डल्सचा राष्ट्रीय विक्रम तर महाराष्ट्रातच हातोहात फिरला: मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाने २०१७ साली १३.४८ सेकंदांची वेळ दिली, आणि २२ मे २०२४ रोजी फिनलंडमध्ये तेजस शिर्से या मराठवाड्यातील देवगाव रंगारीच्या तरुणाने ती १३.४१ वर आणली. देवगाव रंगारी हे काही महानगर नव्हे.

शाळेत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा आणि सरकारी नोकरीतील पाच टक्के आरक्षणाचा मोह पालकांस असतो, आणि त्यात गैर काही नाही. प्रमाणपत्राच्या आशेने का होईना मुलगी मैदानावर येते, हे मोलाचे. प्रश्न तिच्यापुढे काय मांडावयाचे, हा आहे. त्यास मोठा खर्च लागत नाही. बांबूच्या दोन काटक्या आणि त्यांवर सैल ठेवलेली हलकी पट्टी, असा अडथळा गावचा सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. स्पर्धेस तो चालत नाही, शिकविण्यास उत्तम चालतो, कारण लागला तर पडतो. जुलैत पडवीमध्ये अडथळ्याच्या बाजूने चालत मागचा पाय काखेपर्यंत उचलून आणण्याचा सराव घ्यावा. मैदान वाळू लागले की उंची गुडघ्याएवढी ठेवून अंतर साडेसहा मीटरांवर, तेही मुलीच्या पावलाने नव्हे तर टेपने, मांडावे, आणि तीन पावले अनायासे पडू लागल्यावरच ते सात, साडेसात असे वाढवीत न्यावे. उंची आधी वाढविणारा शिक्षक मुलीस उडी मारावयास शिकवितो. अंतर आधी वाढविणारा तिला धावावयास शिकवितो. ज्या दिवशी तीनाची चार पावले होतील त्या दिवशी अंतर पुन्हा अर्ध्या मीटरने मागे घ्यावे, आणि त्याची नोंद हजेरीपटाच्या मागल्या पानावर तारखेसह करावी. ऑक्टोबरात तालुक्याची फेरी येते तेव्हा साडेआठ मीटरांचा आकडा त्या पानावर चढलेला असतो, किंवा पुढच्या वर्षीचा सराव कोठून सुरू करावयाचा हे तरी त्यावरून कळते.